सामाईक मत्तेची नोंद, निगा व न्याय्य वाटणी : वडनेर भोलजीच्या निमित्ताने

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग लोक पूर्वापार मानीत आले आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेतून उतरणाऱ्या नळगंगा, विश्वगंगा व ज्ञानगंगा या नद्या घाटाखालच्या काळ्या, सपाट मुलखातून उत्तरेकडे वाहत जाऊन पूर्णेला मिळतात. याच मुलखात, नांदुरा तालुक्यात, मलकापूर व नांदुरा यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्गावर वडनेर भोलजी हे गाव वसले आहे. कपाशी, सोयाबीन, तूर, हरभरा व ज्वारी ही या भागाची मुख्य पिके होत. शेती बहुतांशी पावसाच्या भरवशावर चालते. दर शेतकऱ्याला आपल्या वाट्याच्या जमिनीची खडान्‌खडा माहिती असते. शेजाऱ्याने वीतभर बांध कोरला, तर तो त्याच दिवशी तलाठ्याचे घर गाठतो व मोजणीचा अर्ज करतो.

परंतु गावाच्या गुरांची चराईची जमीन वर्षाला थोडीथोडी आक्रसत गेली, तलावात गाळ साचून त्याचे थाळे झाले, नाल्याच्या काठावर कोणी भराव टाकला, तर मात्र मोजणीचा अर्ज करावयास कोणी पुढे येत नाही. 'बारभाईची खेती, काय लागेल हाती' अशी म्हण आपल्याकडे आहे, ती गावच्या सामाईक मत्तेला पुरेपूर लागू पडते. या मत्तेची खरी मालकी कोणाची, तिची नोंद कोठे होते, निगा कोणी राखावयाची व तिचा लाभ कोणाला मिळावा, या चार प्रश्नांची उत्तरे वडनेर भोलजीसारख्या गावातील दर सुजाण नागरिकास ठाऊक असली पाहिजेत. ग्रामपंचायत अधिकारी व गावपातळीवरील इतर सेवकांचे तर ते कर्तव्यच होय.

सामाईक मत्ता म्हणजे काय?

सामाईक मत्तेचे दोन प्रकार सोयीसाठी करता येतात. पहिला प्रकार माणसाने उभारलेल्या मत्तेचा. ग्रामपंचायतीचे कार्यालय, शाळा, अंगणवाडी, समाजमंदिर, पाण्याची टाकी व नळयोजना, सार्वजनिक विहिरी, गावातील रस्ते व गटारे, रस्त्यावरचे दिवे, आठवडी बाजाराची जागा, कोंडवाडा व स्मशानभूमी ही याची उदाहरणे होत. दुसरा प्रकार निसर्गाने दिलेल्या मत्तेचा. गुरचरणाची जमीन, नाले, ओढे, तलाव, गावठाणातील मोकळ्या जागा, पांदण रस्त्यांच्या कडेची झाडे, गौण खनिज व भूगर्भातील पाणी यांचा त्यात समावेश होतो. पहिल्या प्रकारची मत्ता निगा न राखल्यास मोडकळीस येते, पण पैसा उभा राहिल्यास पुन्हा बांधता येते. दुसऱ्या प्रकारची मत्ता एकदा हातची गेली की परत मिळणे फार कठीण असते. म्हणून तिच्याकडे अधिक लक्ष देणे अगत्याचे आहे.

कायद्याची चौकट

१९५६ साली राज्यपुनर्रचना होईपर्यंत वऱ्हाडचा हा भाग मध्यप्रदेशात होता व १९४८ च्या कायद्याप्रमाणे स्थापन झालेल्या जनपद सभा येथील स्थानिक कारभार पाहत असत. पुढे १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम संमत झाला आणि १ मे १९६२ पासून राज्यात त्रिस्तरीय पंचायत राज्य सुरू झाले. गावाचा कारभार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे चालतो. या अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये व त्याला जोडलेल्या अनुसूचीत पंचायतीची कामे सांगितलेली आहेत. कलम ५१ प्रमाणे राज्य शासन गावातील मोकळ्या जागा, पडीक व चराईच्या जमिनी, रस्ते, पूल, तलाव इत्यादी पंचायतीकडे सोपवू शकते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. सोपविणे म्हणजे विकत देणे नव्हे. पंचायत ही अशा मत्तेची राखणदार असते. आपल्या ताब्यातील स्थावर मालमत्ता विकावयाची किंवा हस्तांतरित करावयाची झाल्यास, कायद्यात दिलेले अपवाद वगळता, पंचायतीला जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. सरपंच बदलतात, सदस्य बदलतात, परंतु राखणदारी बदलत नाही.

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने या कारभाराला राज्यघटनेचा आधार मिळाला. ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिने घटनेला जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत एकोणतीस विषय आहेत. जमीन सुधारणा, लघु पाटबंधारे व पाणलोट विकास, मत्स्यव्यवसाय, सामाजिक वनीकरण हे विषय त्यांत येतात. एकोणतिसावा, म्हणजे अगदी शेवटचा विषय आहे सामुदायिक मत्तेचे परिरक्षण. यादीत तो शेवटी आला असला तरी व्यवहारात त्याची पाळी प्रथम आली पाहिजे. नवे काम मंजूर करून आणण्याची हौस सर्वांना असते. जुने सांभाळण्याची हौस फार थोड्यांना असते.

तीन पायऱ्यांची कामे साधारणतः अशी वाटलेली आहेत. गावठाणातील मत्ता, गावचे अंतर्गत रस्ते व दिवाबत्ती ही ग्रामपंचायतीची. अनेक गावांना जोडणारे ग्रामीण रस्ते, प्राथमिक शाळांच्या इमारती, प्राथमिक आरोग्य केंद्रे, तसेच शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे पाझर तलाव व बंधारे ही मुख्यतः जिल्हा परिषदेची. पंचायत समिती या दोहोंमधील दुवा होय. कोणती मत्ता कोणाकडे आहे हे गावाला ठाऊक नसेल, तर फुटलेला सांडवा दुरुस्त करावयाची मागणी तीन कार्यालयांतून फिरते आणि तेवढ्यात पावसाळा येतो.

पहिले काम : नोंद

ज्याची नोंद नाही ते राखता येत नाही. महाराष्ट्र शासनाने २०११ मध्ये ग्रामपंचायतींकरिता लेखासंहितेचे नियम केले. त्यांत एक ते तेहेतीस असे नमुने दिलेले आहेत. करआकारणीचा नमुना आठ गावोगावी सर्वांना माहीत असतो, कारण घराचा उतारा त्यावरून मिळतो. परंतु सामाईक मत्तेच्या दृष्टीने नमुना बावीस, तेवीस, चोवीस व तेहेतीस हे चार नमुने महत्त्वाचे आहेत. बाविसाव्यात इमारती व इतर स्थावर मालमत्ता, तेविसाव्यात रस्ते, चोविसाव्यात जमिनी व तेहेतिसाव्यात झाडे यांची नोंद ठेवावयाची असते.

या चार वह्या कोऱ्या असतील, तर गावाच्या मत्तेला कागदाचा आधार नाही असे समजावे. वह्या भरण्याची रीत सोपी आहे. एका सकाळी ग्रामपंचायत अधिकारी, महसूल विभागाचे तलाठी (ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), दोन जाणती वृद्ध माणसे व दोन शिकलेली तरुण मुले यांनी गावनकाशा घेऊन शिवारफेरी करावी. दर सामाईक जागेचा गट क्रमांक, सात-बारावरील क्षेत्र, प्रत्यक्ष ताबा, चतुःसीमा व आजची स्थिती लिहून घ्यावी. जुन्या माणसांना पांदण कोठून जात होती, झरा कोठे होता, गुरे कोणत्या झाडाखाली बसत, हे आठवते. तरुणांना मोबाइल यंत्रावर जागेचे अक्षांश-रेखांश टिपता येतात. दोन्ही ज्ञानांची जोड घालावी.

गावठाणाच्या बाबतीत अलीकडे एक मोठी सोय झाली आहे. केंद्र शासनाच्या २०२० मधील स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांचे नकाशे तयार करून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. घरे मोजली जातात त्याच वेळी गावठाणातील सार्वजनिक चौक, रस्ते व मोकळ्या जागाही मोजल्या जातात. चौकशीच्या वेळी पंचायतीने हजर राहून त्या जागा सार्वजनिक म्हणून नोंदल्या जात आहेत याची खातरजमा करावी. मात्र ही योजना गावठाणापुरती आहे. शिवारातील गुरचरण तीत येत नाही, हे विसरू नये.

ई-क्लासचा प्रश्न

वऱ्हाडात गुरचरणासाठी राखलेल्या सरकारी जमिनीला लोक आजही 'ई-क्लास' म्हणतात. जुन्या महसुली वर्गवारीतून आलेला हा शब्द आता बोलीत मुरला आहे. ज्या कुटुंबाला स्वतःचे शेत नाही, पण दोन शेळ्या किंवा एक गाय आहे, त्या कुटुंबाचे शेत म्हणजे हा ई-क्लासच होय. म्हणून या जमिनीचा प्रश्न केवळ गुरांचा नाही, गरिबांच्या चुलीचा आहे.

या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे. भूमिहीनांपैकी अनेकांनी पोटासाठी याच जमिनी वहितीखाली आणल्या. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५३, १९५९ व १९६४ साली झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांची मागणी पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्यावी अशी होती. पुढे शासनाने १९७८ मध्ये व पुन्हा २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निर्णय काढून विवक्षित मुदतीपूर्वीची अतिक्रमणे ठरावीक अटींवर नियमानुकूल केली. १९९१ च्या निर्णयात १४ एप्रिल १९९० ही सीमारेषा होती. तेव्हा जुन्या निर्णयाखाली ज्याचा हक्क सिद्ध होतो त्याचे प्रकरण तहसील कार्यालयातून निकालात काढून घेणे, हेही पंचायतीचे कर्तव्य आहे. गरिबाची दोन एकरे आणि धनवानाचे गोदाम यांना एकाच मापाने मोजणे म्हणजे न्याय नव्हे.

त्या मुदतीनंतरच्या अतिक्रमणांबाबत मात्र धोरण कडक होत गेले आहे. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील एका प्रकरणात, गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याच्या योजना आखाव्यात, असा आदेश सर्व राज्यांना दिला. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने गायरानाचा अन्य कामासाठी वापर करण्यावर निर्बंध घातले. पंचायतीच्या सदस्याने सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केले असल्यास ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. कुटुंबाने पूर्वी केलेल्या अतिक्रमणाचा लाभ घेत राहणारा सदस्यही या तरतुदीतून सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात स्पष्ट केले. राखणदारानेच कुंपण खाऊ नये, हा त्यातील बोध होय.

गावातील सार्वजनिक रस्त्यावरील व मोकळ्या जागेवरील अडथळा दूर करण्याचा अधिकार कलम ५३ ने पंचायतीला दिलेला आहे. सरकारी जमिनीवरील अतिक्रमणाबाबत १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे महसूल अधिकारी कार्यवाही करतात. तेथे पंचायतीने वेळीच लेखी कळवावयाचे असते. पहिला खांब रोवला जातो तेव्हा एक पत्र पुरते. भिंत उभी राहिल्यावर खटला लागतो.

चराईची जमीन नुसती राखून भागत नाही, ती पिकविली पाहिजे. क्षेत्राचे तीन-चार भाग पाडून आळीपाळीने एक भाग पावसाळ्यात पूर्ण बंद ठेवावा. उताराच्या जागी समपातळीवर चर खणावेत. भारी काळ्या जमिनीत मारवेल व हलक्या, मुरमाड जमिनीत पवना हे गवत आणि स्टायलो हे द्विदल वैरणपीक लावण्याची शिफारस आहे. फुलोऱ्याच्या सुमारास कापलेल्या गवतात पोषण अधिक असते. वाळून काडी झालेले गवत पोट भरते, पण दूध देत नाही. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने मोकाट चराई बंद करून गवत कापून नेण्याची पद्धत घातली. त्याबरोबरच कुऱ्हाडबंदी केली व शेतीसाठी विंधन विहिरी खोदण्यावर स्वतःच्या इच्छेने बंधन घालून घेतले. एके काळी रोजगारासाठी गाव सोडणारी कुटुंबे तेथे परत आली. हिवरे बाजारला कोणी वेगळा कायदा दिला नव्हता. कायदा तोच, ग्रामसभा मात्र जागी होती.

अलीकडे गायरानापुढे एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून २०२३ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात सरकारी जमिनी सौर प्रकल्पांकरिता नाममात्र भाड्याने देण्याची तरतूद आहे, व अशा ग्रामपंचायतींना तीन वर्षे दरसाल पाच लाख रुपये अनुदान ठरविले आहे. दिवसा वीज ही शेतकऱ्याची जुनी मागणी आहे आणि ती रास्तच आहे. परंतु प्रकल्पाची मुदत काही दशकांची व अनुदान तीन वर्षांचे, हे ध्यानात घेऊन पंचायतीने विचार करावा. कोणता तुकडा द्यावा, चराईसाठी कोणता राहील, गुरांची वाट व पाणवठा अडतो काय, हे प्रश्न ठराव करण्यापूर्वी ग्रामसभेत विचारले गेले पाहिजेत, व त्या सभेला गुरे राखणारे हजर असले पाहिजेत.

पाणी : गोडे व खारे

पूर्णा नदी मध्यप्रदेशातील बैतूल जिल्ह्यात उगम पावून अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून वाहते आणि चांगदेवजवळ तापीला मिळते. तिच्या दोन्ही काठांवरील गाळाच्या मुलखात भूगर्भातील पाणी खारे आहे. यालाच खारपाणपट्टा म्हणतात. नांदुरा तालुक्याचा पूर्णेकडील भाग या पट्ट्यात मोडतो. खाऱ्या पाण्यातील सोडियममुळे काळी माती चोपण होते, पाणी मुरत नाही व वाफसा येत नाही. तेव्हा अशा मुलखात जमिनीवर पडलेले पावसाचे पाणी हेच खरे धन होय. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात दुष्काळी गावांबरोबर पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील गावांचाही समावेश करण्यात आला, तो याच कारणाने.

पाण्याचा हिशेब अवघड नाही. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले. एक हेक्टर विस्ताराच्या तलावातून एक मीटर जाडीचा गाळ काढला, तर दहा हजार घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर साठा वाढतो. पिकाला पाच सेंटिमीटरची एक पाळी द्यावयास हेक्टरी पाचशे घनमीटर पाणी लागते. बाष्पीभवनात व मुरण्यात निम्मे पाणी गेले असे धरले, तरी उरलेल्या पाण्यात दहा हेक्टर तुरीला किंवा हरभऱ्याला एक संरक्षित पाळी मिळते. फुलोऱ्यात मिळालेली एक पाळी पीक हाती लागते की नाही, हे ठरवू शकते.

बुलढाणा जिल्ह्याने या बाबतीत राज्याला एक धडा दिला आहे. महामार्ग बांधावयास माती व मुरूम फार लागतो. तो कोठूनही खणून आणण्याऐवजी तलाव, नाले व नदीपात्रे यांतून शास्त्रशुद्ध रीतीने काढला, तर रस्त्याला भराव मिळतो आणि गावाला विनाखर्च जलसाठा मिळतो. २०१७ च्या सुमारास राबविलेली ही पद्धत 'बुलढाणा पॅटर्न' या नावाने ओळखली गेली व निती आयोगानेही तिची दखल घेतली. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने जिल्हा प्रशासनाच्या सहकार्याने गाळ काढण्याची मोठी मोहीम याच जिल्ह्यात चालविली. त्याच वर्षी शेजारच्या मोताळा तालुक्यातील सिंदखेड या गावाने श्रमदानाच्या बळावर पाणलोटाची कामे करून सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेत राज्यात दुसरा क्रमांक विभागून मिळविला. ही गावे दूरची नाहीत. एका दिवसात जाऊन पाहून येण्यासारखी आहेत.

मात्र या कामात तीन पथ्ये पाळावी लागतात. पहिले, खोलीचे. खारपाणपट्ट्यात वाटेल तितके खोल खणल्यास गोड्या पाण्याच्या साठ्याला खाली खारे पाणी लागण्याचा धोका असतो. म्हणून भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा सल्ला घेतल्याखेरीज यंत्र लावू नये. दुसरे, बंधाऱ्याच्या सुरक्षिततेचे. भिंतीच्या पायथ्यालगतची माती कधीही काढू नये. नदीनाल्यातील वाळू ही गाळ नव्हे. गाळाच्या नावाखाली वाळू जाऊ लागली, तर पंचायतीने काम त्याच दिवशी थांबवून महसूल अधिकाऱ्यांना कळवावे. तिसरे, वाटणीचे. गाळ हे खत आहे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ मध्ये सुरू झाली व २०२३ मध्ये पुन्हा हाती घेण्यात आली. नव्या निर्णयात अल्पभूधारक व अत्यल्पभूधारक शेतकरी, विधवा, अपंग व आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील शेतकरी यांना गाळ वाहून नेण्यासाठी अनुदानाची तरतूद करण्यात आली. ज्याच्या घरी ट्रॅक्टर त्याच्याच शेतात सगळा गाळ, असे होऊ नये. मागणीची यादी चावडीवर लावावी, लहान शेतकऱ्याची पाळी आधी धरावी व किती खेपा कोणाच्या शेतात गेल्या याची वही ठेवावी.

नाल्यांच्या रक्षणाचे महत्त्व जिल्ह्याने २२ जुलै २०२३ रोजी अनुभवले. त्या दिवशीच्या अतिवृष्टीने जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत महापूर येऊन घरांची व शेतजमिनीची मोठी हानी झाली. आठ-दहा वर्षे कोरडा दिसणारा नाला आपली वाट विसरत नाही. त्या वाटेत भराव टाकून पेरलेले दोन तास पीक, पूर आला म्हणजे शेजाऱ्याच्या वीस एकरांवर पाणी चढविते. म्हणून नाल्याची रुंदी नकाशाप्रमाणे कायम राखणे, हे सर्व शिवाराच्या हिताचे आहे.

झाडे व जैविक संपत्ती

पांदणीच्या कडेचे निंब, बाभूळ, चिंच व बोर ही झाडे म्हणजे गावाची बिनव्याजी ठेव होय. निंबोळीपासून कीडनाशक अर्क तयार होतो, चिंचेच्या व बोरीच्या फळांचा लिलाव करता येतो, बाभळीच्या शेंगा शेळ्यांना होतात. काळ्या व काहीशा खारवट जमिनीतही बाभूळ, निंब व बोर तग धरतात. झाड तोडावयाचे झाल्यास १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली येणाऱ्या जातींकरिता परवानगी लागते. वादळात पडलेल्या झाडाचे लाकूड परस्पर नेऊ न देता पंचनामा करून लिलाव करावा व रक्कम ग्रामनिधीत जमा करावी.

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे दर स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयास हवी व तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. पुष्कळ गावी ही वही दुसऱ्या गावच्या वहीवरून उतरवून कपाटात ठेवली जाते. तसे न करता शाळेतील मुले, वैदू, गुराखी व वृद्ध स्त्रिया यांच्याकडून माहिती घेऊन ती भरली, तर गावाला आपल्या शिवाराची खरी ओळख पटते.

निगेचा खर्च कोठून यावा?

नवी इमारत बांधावयास निधी मिळतो, परंतु तिचे छत गळू लागल्यावर पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न सार्वत्रिक आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींना जे अनुदान ठरविले, त्यातील साठ टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांकरिता बांधून दिलेली होती. अशा अनुदानावर सर्व भार टाकणे शहाणपणाचे नाही. अनुदानाचे नियम बदलतात, गळती मात्र चालूच राहते.

घरपट्टी, पाणीपट्टी, बाजाराचे शुल्क, गाळ्यांचे भाडे, पंचायतीच्या ताब्यातील तलावाचा मासेमारीचा ठेका, फळे व गवत यांचे लिलाव ही पंचायतीची स्वतःची प्राप्ती होय. सामाईक मत्तेपासून जे उत्पन्न येते, त्यातील ठरावीक हिस्सा त्याच मत्तेच्या निगेसाठी वेगळा काढून ठेवण्याचा ठराव ग्रामसभेने करावा. तलावाचा पैसा तलावाला, गवताचा पैसा गायरानाला, असा सरळ नियम असला म्हणजे लोकांना हिशेब समजतो व पट्टी भरावयास ते कुरकुरत नाहीत.

ग्रामसभा हाच खरा पहारा

ग्रामपंचायतीने वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्यावयाच्या असतात. गणपूर्तीसाठी मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेणे आवश्यक आहे. ही तरतूद केवळ उपचार म्हणून पाळू नये. पाणी भरणे व सरपण गोळा करणे ही कामे बहुतेक घरी स्त्रियांच्या वाट्याला येतात. कोणता हातपंप केव्हा आटतो, कोणत्या बांधाला सरपण उरले नाही, याची अचूक माहिती त्यांच्याकडेच असते.

कलम ४९ प्रमाणे ग्रामविकास समित्या नेमता येतात. त्यांपैकी एका समितीकडे सामाईक मत्तेचा विषय सोपवून तिच्याकडून पुढील वर्षक्रम पाळून घ्यावा.

उन्हाळ्यात, एप्रिल व मे महिन्यांत, शिवारफेरी करावी, नमुने बावीस, तेवीस, चोवीस व तेहेतीस प्रत्यक्षाशी ताडून पाहावेत, गाळ काढावा व सांडव्यांची दुरुस्ती करावी. पावसाळ्याच्या तोंडी गटारे व नाल्यांची तोंडे मोकळी करावीत आणि रोपे लावावीत. पावसाळ्यात गायरानाचा राखीव भाग बंद ठेवावा व नवे अतिक्रमण होत नाही ना हे पाहावे, कारण पेरणीच्या दिवसांतच बांध सरकतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास गवत कापून त्याचा लिलाव करावा, तसेच विहिरींची पाणीपातळी मोजून रब्बीत कोणती पिके घ्यावीत याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडावा. हिवाळ्यात इमारती, शाळा व नळयोजना यांची पाहणी करून पुढील वर्षाच्या विकास आराखड्यात दुरुस्तीची कामे प्रथम घालावीत.

याच तालुक्यात पूर्णेवर जिगावचा मोठा प्रकल्प होत आहे व त्यामुळे अनेक गावांचे पुनर्वसन होत आहे. नव्या गावठाणात शाळा, रस्ते, समाजमंदिर बांधून मिळते, परंतु जुन्या गावचा पार, पाणवठा, गुरचरण व पांदण बांधून मिळत नाही. पुनर्वसित गावांना जी उणीव भासते, तिच्यावरून सामाईक मत्तेचे मोल वडनेर भोलजीसारख्या आपल्या मूळ ठिकाणी नांदणाऱ्या गावांनी ओळखावे. जे हरवल्यावर शोधावे लागते, ते असतानाच मोजून ठेवलेले बरे.

येत्या ग्रामसभेला जाणाऱ्या दर शेतकऱ्याने एकच प्रश्न विचारावा : गावच्या जमिनीची नोंदवही कोठे आहे? ती वही मेजावर आली, मोठ्याने वाचली गेली आणि तिच्यातील दर जागा नकाशावर दाखविता आली, तर गावच्या सामाईक मत्तेच्या रक्षणाचे निम्मे काम त्याच दिवशी झाले असे समजावयास हरकत नाही. उरलेले निम्मे काम दर साल, दर हंगामी करावयाचे आहे, व ते शेतीप्रमाणेच कधी संपावयाचे नाही.